दहा डासांची परीक्षा

मी एक जुना फवारणी पंप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट आमच्या मुकादमांच्या खांद्यावर चढलो. हिवतापाच्या डासांसाठी घरोघरी औषध मारायचे, हे आमचे काम. भांडीकुंडी बाहेर काढायची आणि भिंती वरपासून खालपर्यंत सारख्या भिजवायच्या. डास भिंतीवर टेकला की खलास! बायका म्हणायच्या, "पंप येऊन गेला, आता निवांत झोपू." मी फुगून जायचो. तेवीस वर्षे तोच खांदा आणि तेच औषध. माझा वॉशरसुद्धा मुकादम दुसऱ्याला बदलू देत नसत.

मग फवारणीची तपासणी करायला हिवताप खात्याची डासवाली ताई आली. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकचे एवढेसे नरसाळे होते. आम्ही फवारलेल्या भिंतीवर ती ते चिकटवायची, आत दहा जिवंत डास अर्धा तास ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातले किती मेले ते मोजायची. झाले! सगळी गल्ली नरसाळ्याभोवती. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. घाम आम्ही गाळायचा आणि मार्क या कालच्या पोराने द्यायचे? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. बरे, मार्क तरी कसले? पहिल्याच घरात दहातले सात डास जिवंत!

ताई म्हणाली, "डास औषधाला सरावलेत, मुकादम. आता औषध बदलायला हवं."

"औषधाला काय धाड भरलीय?" मुकादम तडकले. "परवा माझ्या लेकीच्या घरी लावा तुमचं नरसाळं. मग बोला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात दुप्पट औषध कालवले. लेकीच्या घरी नरसाळे लागणार होते तेवढीच एक भिंत आम्ही चिंब केली. मीही जीव तोडून फवारले. त्या टिचभर प्लॅस्टिकची जिरली पाहिजे, एवढेच माझ्या मनात होते. दहाच्या दहा डास मेले. ताईने आणखी चार घरे मागितली. तिथेही आम्ही आधी जाऊन हाच डाव खेळलो. औषध तेच राहिले, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दोन महिन्यांनी मुकादमांच्या पाच वर्षांच्या नातीला हुडहुडी भरली. रक्त तपासले, तर हिवताप. पोर दवाखान्यात निपचित पडली. लेक एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही फवारलेलं घर, म्हणून मी मच्छरदाणीसुद्धा लावली नाही हो."

मुकादम मला खांद्यावर घेऊन तसेच ताईकडे गेले. "माझा पंप खोटं बोलला, ताई. मीच बोलायला लावलं," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले. ताई रागावली. मग पिशवी उचलून पुन्हा त्याच घरांकडे निघाली.

नात सहाव्या दिवशी उठून बसली. आता माझ्या टाकीत नवे औषध असते आणि ताई विचारल्याशिवाय कुठेही नरसाळे लावते. मला त्याचा हेवा अजून वाटतो, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, तुमचे काम तपासायला कोणी आले, तर त्याच्यापुरती एक भिंत सजवू नका. उरलेल्या तीन भिंतींपाशी कोणाचे तरी लेकरू झोपलेले असते.