बापाच्या मापाचं कफन

"दाऊदभाई, कापड कमी पडतंय," इमामसाहेब हळूच डचमध्ये म्हणाले.

दाऊद पारकर ऐकून न ऐकल्यासारखं करत पायांकडचं टोक ओढत राहिला. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या मशिदीमागच्या या खोलीत त्याने तेवीस वर्षं परक्यांच्या मयतांना गुसल दिलं, न्हाऊमाखू घातलं. दिवसभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची नि निरोप आला की इकडे धावायचं. आज फळीवर त्याचा एकुलता एक मुसअब होता. चोवीस वर्षांचा पोरगा धुक्यात सायकलवरून पडतो काय नि दोन दिवसांत जातो काय!

कफन दाऊदचं स्वतःचं होतं. मुसअब सहा वर्षांचा असताना नवराबायको हजला गेले, तेव्हा मक्केत घेतलेलं आणि झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून वाळवलेलं. "थोडं जास्तच घ्या," बायको जुलेखा म्हणाली होती. "मेल्यावर मी काय उंच होणार आहे?" म्हणत या शहाण्याने आपल्या पाच फूट चार इंचांपुरतं फाडून घेतलं. पोरगा इथल्या दुधावर सहा फूट दोन इंच वाढला. पण आपलं कफन पोराला घालावं लागेल, असं कुठल्या बापाच्या मनात येतं?

आता डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं.

नाव त्यानेच ठेवलं होतं, हजरत मुसअब बिन उमैर यांच्यावरून. मक्केतलं लाडाकोडात वाढलेलं, अत्तराच्या वासावरून ओळखू येणारं पोर. पैगंबरसाहेबांच्या मागे गेलं म्हणून आईनेच घरात डांबलं. ऐश्वर्यावर पाणी सोडून त्यांनी मदिनेत लोकांना कुराण शिकवलं आणि उहुदच्या लढाईत झेंडा धरून ते पडले. कफन म्हणून घालायला एकच आखूड चादर होती. पैगंबरसाहेब म्हणाले, डोकं झाका, पायांवर गवत घाला. हे ऐकून छोट्या मुसअबने विचारलं होतं, "त्याच्या बाबांकडे मोठं कापड नव्हतं?" दाऊद तेव्हा पोट धरून हसला होता.

"मशिदीतलं लांब कापड आहे," इमामसाहेब म्हणाले. "हे काढू या का?"

"काढायचं नाही. डोक्यावरून माझंच राहू दे. पायांना तुमचं जोडा."

इमामसाहेब कापड आणायला गेले. दाऊदने ते दोन्ही थंड पाय पोटाशी धरले आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

बाहेर जुलेखा बायकांमध्ये बसली होती. तो आला तशी उठली.

"तुमचं कफन त्याला झालं?"

"झालं."

"अंगभर?"

"अंगभर," दाऊद म्हणाला.

"चला. बापाचं काहीतरी लेकराबरोबर गेलं."

दाऊद तिच्या शेजारी बसला. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, जुलेखा त्या एकेक करून पिळू लागली.