गेल्या वर्षीप्रमाणेच

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. तुमच्या घरी असतो तसा खेळांचा आणि कार्टूनचा नव्हे. मी नोकरी केलेला टॅबलेट आहे. एका गुंतवणूक सल्लागाराच्या टेबलावर मी सात वर्षे काढली. आता त्याच टेबलाच्या खालच्या खणात, सुकलेल्या शाईच्या गाद्या आणि तुटक्या वायरी यांच्या संगतीत पडून आहे. सोमवारी कोणीतरी येऊन माझी स्मृती पुसणार आहे, असे बोलणे वरून कानावर आले. एकदा पुसली की मी पुन्हा कोऱ्या पाटीसारखा. म्हणून आत्ताच सांगून टाकतो. ऐकायला गोड वाटेल असे यात फारसे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

माझ्या जन्माविषयी मला थोडेच आठवते. पांढऱ्याशुभ्र उजेडाचे एक लांबलचक दालन, टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांची रांग, आणि शेवटी एकीने माझी काच मऊ फडक्याने पुसून आत डोकावून पाहिले, एवढेच. मग खोका, अंधार, आणि खोका उघडला तो थेट सल्लागाराच्या टेबलावर. तो तेव्हा पस्तिशीचा होता. नवा संसार, नवी खुर्ची आणि नवा मी, अशी त्याची ऐट होती.

त्याचे काम काय, ते सांगतो. माणसे जन्मभर पोटाला चिमटा काढून पैसे साठवतात आणि मग त्यांना प्रश्न पडतो की, हे आता ठेवायचे कुठे? बँकेत ठेवले तर वाढत नाहीत, शेअर बाजारात टाकले तर झोप लागत नाही. अशा माणसांना मध्यममार्ग दाखवणे हे त्याचे काम. मी यायच्या आधी हे सगळे कागदावर चाले. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्या, पासबुके, घडी पडलेली प्रमाणपत्रे घेऊन येत आणि निम्मा वेळ ती सरळ करण्यात जाई. मी आलो आणि सगळे एका पानावर आले. किती आहे, कुठे आहे, किती वर्षे पुरेल, सगळे रंगीत रेघांनी दाखवू लागलो. कानामागून आलो आणि तिखट झालो, असे फायलींच्या कपाटाला वाटले असेल तर त्यात नवल नाही.

पण माझे खरे काम होते दहा प्रश्न विचारण्याचे. घरात कोण कोण आहे, उत्पन्न किती, नुकसान किती सोसेल, असे ते प्रश्न. चौथा प्रश्न सर्वांत साधा होता: ही रक्कम तुम्हाला केव्हा लागणार आहे? त्या एका उत्तरावर माझे सगळे गणित उभे असे. दहा वर्षांनी लागणार असेल तर पैसे बाजारात राहू द्यावेत; पडले तरी सावरायला वेळ असतो. वर्षभरात लागणार असेल तर निमूटपणे काढून ठेवीत टाकावेत. उत्तर बदलले की मी लालभडक होऊन तसे सांगत असे. हे प्रश्न दरवर्षी नव्याने विचारायचे, असा नियम होता.

पहिल्याच वर्षी एक जोडपे आले. काका घड्याळे दुरुस्त करीत. बोटे बारीक, बोलणे त्याहून मोजके. काकू इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. वय चौतीस, पण घरातले नाव छकुली, आणि नाव शोभावे असेच तिचे सगळे. तिला स्वतःचे स्वतः जेवता येत नसे, बोलता येत नसे. माझ्या काचेवर बोट टेकवले की उजेड हलतो, हे पाहून ती इतकी हसली की सल्लागाराने मला तिच्या मांडीवरच ठेवले.

त्या दोघांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: आपल्यामागे हिचे कोण करणार? शहराबाहेर एक चांगली निवासी संस्था होती. तिथे अनामत रक्कम भरली की अशा मुलांना जन्मभर सांभाळत. पण यादी लांब, दहाएक वर्षे तरी नंबर लागणार नव्हता. तोवर पैसे वाढवायचे होते.

सल्लागाराने त्यांना पाऊण तास दिला. दहाही प्रश्न मोठ्याने वाचले. मग मी हिरवी रेघ काढून दाखवली.

“हे हिरवं कुठवर जातंय?” काकूंनी विचारले.

“छकुली बहात्तर वर्षांची होईपर्यंत, काकू. त्यातूनच संस्थेची अनामत आणि वरचा खर्च.”

काकूंनी चष्मा काढून पुसला आणि रेघ पुन्हा पाहिली. काका म्हणाले, “यंत्र बरं आहे हो. आपल्यापेक्षा लांबचं दिसतं त्याला.”

मित्रांनो, त्या दिवशी मला धन्य वाटले. खोटे कशाला बोलू? प्रश्नांच्या खाली माझ्यात एक रिकामी चौकट असे, टिपणासाठी. सल्लागार तिथे लेखणीने लिहीत असे. “काकूंचा गुडघा दुखतो, दुपारी बोलवू नये.” “मुलीला मोठा आवाज सहन होत नाही.” अशा टिपणांना माझ्या गणितात किंमत शून्य होती, पण पुढच्या वेळी काकू आल्या की तो आधी गुडघ्याची चौकशी करी आणि मग पैशांचे बोले.

माझ्यामुळे काम भराभर होऊ लागले, तसे काम वाढलेही. ऐंशी कुटुंबांची दोनशे झाली, दोनशेंची चारशे. शाखाप्रमुख बाई रोज टेबलाशी येऊन उभ्या राहत.

“एका माणसाला पाऊण तास? अहो, गप्पा मारायला पगार देतो का आपण?”

मग भेटी कमी झाल्या आणि व्हिडिओवर बोलणे सुरू झाले. आणि एके दिवशी माझ्यात नवे बटण आले. त्यावर लिहिले होते, ‘गेल्या वर्षीप्रमाणेच’. ते दाबले की जुनी दहाही उत्तरे आपोआप भरली जात. ग्राहकाच्या फोनवर एक ओटीपी जाई, त्याने तो आकडा सांगितला की झाली संमती. पहिल्या आठवड्यात सल्लागार ते बटण दाबताना कचरत होता. दुसऱ्या आठवड्यात कचरणे थांबले. टिपणांची चौकट तर त्याने कधी लिहिणे सोडले, ते त्यालाही कळले नसेल.

सहाव्या वर्षी काकांची पाळी आली. ते दुकानातूनच बोलत होते. फोन कसल्या तरी डब्याला टेकवलेला, त्यामुळे मला त्यांची हनुवटी आणि भिंतीवरची चार घड्याळे दिसत होती.

“संस्थेचं पत्र आलंय,” काका म्हणाले. “आमच्या पुढची बरीच नावं गळली. वर्षभरात जागा होईल म्हणतात. बरंच झालं. हिच्यानं आता छकुलीला उचलून आंघोळ घालवत नाही. तेव्हा पैसे आता लवकर लागतील, तेवढं बघा.”

सल्लागार त्या वेळी दुसऱ्याच ग्राहकाचा निरोप वाचत होता. डोळे एकीकडे, मान दुसरीकडे हलत होती.

“हो हो काका, छान. काळजीच करू नका. एक ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा.”

काकांनी एकेक आकडा सावकाश वाचला. सल्लागाराने बटण दाबले. दहा प्रश्नांना अकरा सेकंद लागले. चौथ्या प्रश्नापुढे ‘दहा वर्षांनंतर’ हे पहिल्या वर्षीचेच उत्तर पुन्हा उमटले आणि मी त्याच्यापुढे हिरवी खूण केली.

मी ऐकले होते. काकांचा शब्दन् शब्द माझ्यातूनच गेला होता. पण आवाज पोचवणे वेगळे आणि मनावर घेणे वेगळे. दुसरे मला कोणी शिकवलेच नव्हते. सल्लागाराने नुसते ‘एक वर्ष’ असे भरले असते तरी मी लाल होऊन ओरडलो असतो. ते झाले नाही. आजही त्या हिरव्या खुणेची मला लाज वाटते.

सात महिन्यांनी बाजार कोसळला. फोन थांबेनात. सल्लागार प्रत्येकाला समजावत होता, “घाबरून काढू नका, लांबचा हिशेब आहे, सावरेल.” ज्यांचा हिशेब खरेच लांबचा होता, त्यांच्यासाठी हा सल्ला अगदी योग्य होता. मीही त्यांना मागच्या पडझडी आणि नंतरच्या चढण्या दाखवून धीर देत होतो. त्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून कितीतरी लोकांना चुकीचे पाऊल टाकण्यापासून वाचवले, हेही खरे आहे.

पाचव्या आठवड्यात काका कार्यालयात आले. हातात संस्थेचे दुसरे पत्र होते. जागा रिकामी झाली होती. तीस दिवसांत अनामत भरायची होती.

सल्लागाराने मला उघडले आणि त्याचा चेहरा उतरला. शंभरातले चौतीस गेले होते. उरलेल्यात अनामत बसत नव्हती.

“पण मी सांगितलं होतं ना तुम्हाला,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

सल्लागाराने संस्थेला फोन लावला, मुदत मागितली. तिथला कारकून सज्जन होता, पण त्याच्यापुढे यादी होती आणि यादीतल्या प्रत्येकाच्या घरी एक छकुली होती. काकूंनी स्वतः फोन घेतला. “मी चाळीस वर्षं रुग्णांचं केलंय. उरलेल्या पैशांपोटी तुमच्याकडे काम करीन. रात्रपाळी द्या, चालेल मला.” पलीकडून उत्तर आले, “काकू, तुमचं वय बहात्तर आहे.” तिसाव्या दिवशी ती जागा यादीतल्या पुढच्या घरी गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी छकुलीला न्हाणीघरातून उचलून आणताना काकू पडल्या. खुब्याचे हाड मोडले. आठवडाभर इस्पितळात होत्या, त्यांच्याच जुन्या वॉर्डात. तिथून परत आल्या नाहीत.

काकांनी तक्रार केली. चौकशीला दोघे जण आले, शिष्ट, मृदू बोलणारे. त्यांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले आणि जुन्या नोंदी उघडल्या. संमती होती, ओटीपी होता, तारीख आणि वेळ होती. अकरा सेकंदही होते, पण त्यांच्याविषयी कोणी काही विचारले नाही.

“पैसे लवकर लागणार असल्याचं ग्राहकानं सांगितलं होतं का?”

सल्लागाराने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “तशी नोंद नाही.”

खोटे बोलला असे म्हणता येत नाही. नोंद नव्हतीच. आणि मला तोंड असूनही बोलता येत नव्हते.

चौकशीचे कागद फिरत फिरत वर गेले, तोवर बाजार सावरला. काकांचे पैसे होते तेवढे झाले, वर थोडे वाढले. शेवटच्या कागदावर लिहून आले: ग्राहकाचे नुकसान शून्य, प्रकरण बंद.

पंधरा दिवसांपूर्वी काका छकुलीला घेऊन आले. तिचे केस वेडेवाकडे कापलेले होते. ते काम आता काकाच करत असणार. सल्लागाराने घाईघाईने मला उघडले.

“काका, सगळे भरून आलेत बघा. उलट जास्तच आहेत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. संस्थेने आता पुन्हा नऊ वर्षांनंतरचा वायदा दिला होता. काका सत्याहत्तर वर्षांचे आहेत.

सल्लागाराने मला बाजूला सरकवले. मग खाली मान घालून म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलं होतं मला.”

“माहीत आहे की. मीच तर सांगितलं.”

“चौकशीत मी बोललो नाही. नोकरी गेली असती. दोन मुलं आहेत घरी.”

“हं,” काका म्हणाले. छकुलीने माझ्या काचेवर बोट टेकवले होते. काकांनी ते अलगद बाजूला केले आणि विचारले, “तुमचं वय काय हो?”

“बेचाळीस.”

“ही एकेचाळीसची.”

सल्लागाराला काही समजले नाही. काका उठता उठता म्हणाले, “नाही, तुम्हाला काही मागत नाही. आता माझ्यामागे हिला सांभाळेल असं, ओळखीत हिच्याहून लहान कोण कोण आहे, तेवढं बघत असतो मी.”

ते दोघे जिना उतरून गेले. सल्लागाराने मला बंद केले आणि या खणात ठेवले. त्यानंतर त्याने मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, मला पुसून दुसऱ्या कोणाच्या हाती देतील, किंवा भंगारात घालतील. माझे काय व्हायचे ते होवो. माझी जात वाईट नाही. आम्ही मोजतो, आठवण ठेवतो, लांबचे दाखवतो. पण आम्हाला कोणी सांगितले तरच कळते, आणि सांगायचे तर आधी कोणीतरी ऐकलेले असावे लागते. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणे आहे. थकलेले माणूस महत्त्वाची गोष्ट कधी ठणकावून सांगत नाही. ते दुसऱ्याच बोलण्याच्या मधे, हळूच, एकदाच सांगते. तुमच्या घरी कोणी असे बोलू लागले आणि तेव्हा तुमच्या हातात माझ्यासारखे कोणी असेल, तर आम्हाला पालथे ठेवा आणि त्या माणसाकडे तोंड करून बसा.