आतून उघडलेलं दार

कुलूप कुणाचं, हे किल्लीवाल्यानं उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. विचारलं की माणूस ओशाळतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सकाळी पोलीस दुकानात येऊन "चला, एक दार उघडायचंय" म्हणाले, तेव्हाही तो पिशवी उचलून निमूट गाडीत बसला. गाडी थांबली ती त्याच्या लेकीच्या घराखाली.

जावई शाळेत मास्तर. संध्याकाळी गिरणीतल्या कामगारांना जमवून घटनेतले हक्क समजावून सांगायचा. गिरणीत संप झाला तसा तो पोलिसांच्या डोळ्यांत खुपू लागला. "कागदाशिवाय कुणी आपल्या घरात पाऊल टाकू शकत नाही, बाबा," असं तो जेवताना सांगायचा.

"जावईबापू, ते घटनेत असू द्या. मी दाराला चांगलं कुलूप बसवून देतो," सासरा म्हणायचा. बसवलंही होतं. आतून जाडजूड खिट्टीसुद्धा.

जिन्यात शेजारी जमले होते. बंद दाराआडून जावयाचा आवाज आला, "वॉरंट दाखवा, उघडतो."

"येतंय मागून," साहेब म्हणाले.

"मग दारही मागूनच उघडेल."

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"लाथ घालू का, साहेब?" शिपायानं विचारलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? फोडलेलं दार उद्या कोर्टात बोलतं." साहेब किल्लीवाल्याकडे वळले. "काका, या पुढं. एक ओरखडासुद्धा नको."

किल्लीवाल्यानं नातं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा कुणी आणला असता. तो गुडघ्यावर बसला. खिट्टी लागलेली असेपर्यंत कुलूप उघडून काहीच होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थोडा वेळ खुडबुड करायची, मग हात वर करायचे. जावयानं एव्हाना वकिलाला बोलावलं असेलच, तोवर तो पोचेल.

हाताला ते कुलूप ओळखीचंच. तारेचा आकडा आत गेला, फिरला. आणि दर दाराशी, आतल्या माणसांना पदर-कपडे सावरायला सवड मिळावी म्हणून तो जे म्हणत आला होता, ते तोंडून निघून गेलं:

"उघडतोय हं, सावरून बसा."

आत पावलं धावली. "अहो, बाबा आलेत! बाबा!"

"थांब, नको—" जावई ओरडला.

खिट्टी सरकली. दारात लेक उभी होती. सुटकेचं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. बाप गुडघ्यावर, हातात आकडा, मागं साहेब, हे दिसलं तरी ते हसू मावळायला एक क्षण लागला.

साहेब तिला ओलांडून आत गेले. "लिही रे," त्यांनी शिपायाला सांगितलं. "घरच्यांनी स्वखुशीनं दार आतून उघडलं."

"खोटं आहे! वॉरंट कुठंय?" जावई विचारत होता. जिना उतरवून नेतानाही तो तेच विचारत होता. शेजाऱ्यांची दारं एकेक करून लागली.

"बाबा, तुम्ही बोललात कशाला?" लेक एवढंच म्हणाली.

किल्लीवाल्यानं दारावरून, चौकटीवरून, कुलपावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. कोर्टाला दाखवायला एक ओरखडा त्याला हवा होता. तो कुठंच नव्हता.