शुद्ध शब्दांची तालीम

काकांनी माझा घात केला. तोही प्रेमानं, म्हणून धड भांडताही येईना.

मी आश्लेषा. भाषाशास्त्रात पीएचडी करते. इंग्रजी शब्द मराठी तोंडात आला की कसा बदलेल, हे आधीच सांगणारं मॉडेल मी संगणकावर बनवलंय. फ्रीजचं फिरीज होतं, स्टूलचं इस्टूल. एकात इ मधे घुसते, दुसऱ्यात आधीच येऊन बसते. पण मॉडेल तपासायला खरे आवाज हवेत, आणि गुरुवारी गाईडसमोर ते नसले तर फेलोशिप गेलीच म्हणून समजा.

म्हणून दिवेआगरला महादेवकाकांकडे आले. काका निवृत्त मास्तर. म्हणाले, "वाडीत सुपारी सोलायला येतात त्या बायकांना सांगून ठेवतो."

ठेवलं की! फ्रीजचं चित्र बघून पहिली म्हणाली, "फ्रीज." दुसरी, "फ्रीज." तिसरी तर बातम्या दिल्यासारखी, "रेफ्रिजरेटर."

"काका, हे काय?"

"आठवडाभर तालीम घेतली," काका खूश. "आवाज मुंबईला जाणार, गावाची शोभा नको व्हायला!"

कपाळ माझं! काकांना चहा करायला पिटाळलं आणि त्या बायकांतल्या सगुणामावशीपाशी जाऊन बसले. "मावशी, घरी बोलता तसं बोला ना. मला तेच हवंय."

ती सुपारी सोलतच राहिली. "न्हाय बाय. माझी लेक प्राप्ती श्रीवर्धनला हाटेलात कौंटरवर हाय. मी गेले की म्हणते, आई, गप बस, लोक हसतात. तुज्या कालेजात पण हसतील."

"नाही हो हसणार!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग त्ये बंद कर. बंद केलंस तर बोलते."

केला रेकॉर्डर बंद. मोबाईल पिशवीत होता, चोरून रेकॉर्ड करायला एक बोट पुरलं असतं. तिनं पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. मनात आलं त्याचीच लाज वाटली, आणि हात मांडीखाली दाबून बसले.

आणि मावशी सुटली. वादळात माड पडून फिरीज कसा चेपला, इस्टुलावर चढून पलाष्टीक कसं बांधलं, नवऱ्याला डागदराकडे कसं नेलं. माझ्या मॉडेलनं 'पिलास्टिक' सांगितलं होतं. म्हणजे मॉडेल चुकलं, आणि पुरावा गेला वाऱ्यावर! रागानं डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, वादळाचं ऐकून आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"उद्या पण ये गो," उठताना म्हणाली. "किती वर्सांनी एवडी बोलले. त्ये डबडं मात्र घरी ठेव."