नऊ सारखे त

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे, लफ्फेदार, हाताने लिहिल्यासारखा दिसणारा. लोक मला गोड म्हणतात. म्हणोत बापडे! मी मुळीच गोड नाही.

माझा जन्म एका मावशीच्या हातातून झाला. ती लग्नपत्रिका आणि पाकिटांवरची नावं टाकाने लिहून द्यायची. तिचा भाचा डिझायनर. त्याने तिला तीन आठवडे एकेक अक्षर कागदावर काढायला लावलं. तुझं अक्षर अमर करतो, म्हणाला. बोट सुजलं, तरी ती बिचारी हसत लिहीत राहिली. ते कागद त्याने संगणकात घातले, मला घडवलं आणि नाव मात्र स्वतःचं दिलं.

मग मला कुठे कुठे नाही लावलं! पत्रिका, अत्तराच्या बाटल्या, केकचे खोके इथवर ठीक होतं. पण दातांच्या दवाखान्याची पाटी? 'चपला बाहेर काढा'? मला लाज वाटायची, त्यांना नाही. मावशीकडे मात्र गिऱ्हाईक येईना. तुमचंच अक्षर तयार मिळतं की, असं तिला तोंडावर सांगायचे.

एवढ्यावर भाच्याचं पोट भरलं नाही. त्याला ऑफिसला मावशीची पुढची उजेडाची खोली हवी होती. एके दिवशी त्याने सगळ्यांसमोर एक पानभर चिठ्ठी ठेवली. तिची शेवटची ओळ होती, 'खोली मी स्वखुशीने देत आहे.' निळ्या शाईत, मावशीच्या अक्षरात. म्हणजे माझ्यात! मी तिथे मुकाट उमटलो होतो. त्या नालायकाचा मला आजही संताप येतो.

"तूच लिहिलीस गं, मावशी. वय झालं, विसरतेस," तो म्हणाला.

मावशीचा चेहरा उतरला. अक्षर तर तिचंच होतं. आपलं डोकं खरंच फिरलं की काय, असं तिला वाटू लागलं. खोली गेली असती, आणि स्वतःवरचा विश्वासही.

ती बराच वेळ चिठ्ठी बघत बसली. मग तिने ट्रेसिंग पेपर काढला, एक त गिरवला आणि तो कागद एकेका त-वर सरकवला. नऊच्या नऊ तंतोतंत जुळले.

"हे मी लिहिलेलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "जन्मात माझा एक त दुसऱ्यासारखा आला नाही."

भाच्याने चिठ्ठी उचलून खिशात कोंबली. त्याची आई, म्हणजे मावशीची सख्खी ताई, म्हणाली, जाऊ दे, घरातलंच आहे. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही.

खोली वाचली. पण मावशी आता किराणा मालाची यादीसुद्धा मुद्दाम गिचमिड लिहिते, पुन्हा कुणी चोरू नये म्हणून. मित्रांनो, कुणाचं अक्षर आवडलं तर त्या माणसाकडूनच लिहून घ्या. मला वापरायचंच असेल, तर आधी मावशीला विचारून या. भाच्याने तिला कधीच विचारलं नाही.