एकदा हो, दोनदा नाही

म्हातारीच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे तिचाच आवाज. गिऱ्हाईक कोट घेऊन आलं की ती तो काउंटरवर उलगडायची, डागावर बोट ठेवायची आणि दुकानातल्या बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारायची, "हे कसलं?" माणूस ओशाळायचा आणि दर न विचारताच कपडा टाकून निघून जायचा. "लाजलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही," असं ती म्हणायची. घरात हेच तिनं सुनेवर चालवलं. सून पावत्या फाडायची, कपड्यांना नंबर लावायची, वाफेच्या इस्त्रीवर उभी राहायची, वर जाऊन स्वयंपाक करायची, आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या डागाबद्दल उत्तरं देत राहायची. मुलगा मवाळ होता, म्हणजे आईपुढे मवाळ. "तुम्ही दोघींनी समजून घ्या," असं म्हणून तो मशीन बघायला खाली जायचा.

नवरा गेल्यावर म्हातारीचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, राग आवरा. राग आवरायचा म्हणून ती साधनेला लागली. मागच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये वर्ग भरायचा. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ताई म्हणत. ताईंनी दिलेला मंत्र साधाच होता: ॐ शांती, शांती, शांती. रोज सकाळी खिडकीजवळ बसायचं, पाठ ताठ, डोळे मिटलेले. म्हातारीनं तो नेम कधी चुकवला नाही. मात्र तेवढा वेळ घरानं श्वासही जपून घ्यायचा. भांडं वाजलं तर ती डोळे उघडायची नाही. जप तसाच चालू ठेवून फक्त आवाज चढवायची, आणि 'शांती' हा शब्द भिरकावलेल्या ताटासारखा सुनेच्या अंगावर येऊन पडायचा.

अशाच एका सकाळी सुनेच्या माहेराहून फोन आला. फोन म्हातारीच्या हाताशी होता. तिनं उचलला, ऐकलं, ठेवला आणि जप पुरा केला. मग चहा घेतला. रिकामा कप पुढे करताना म्हणाली, "तुझ्या वडिलांचं जरा जास्त आहे म्हणे. निघ."

सून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आई, फोन आला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जप मोडायचा नसतो," म्हातारी म्हणाली. "आणि तू लवकर जाऊन काय त्यांना थांबवून ठेवणार होतीस?"

त्यानंतर काही वर्षांनी म्हातारी आंघोळ करून येता येता पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात ती नुसती छताकडे बघत पडलेली असायची. मग एका दुपारी मुलगा ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत असताना ती स्पष्ट म्हणाली, "शांती."

मुलगा हमसून हमसून रडला. नर्स आल्या, शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांचे नातेवाईक आले. सगळ्यांच्या देखत ती पुन्हा म्हणाली, "शांती, शांती."

"काय पुण्याई म्हणायची," कुणीतरी म्हणालं. "मरणाच्या दारातून परत आल्या आणि तोंडात काय, तर हे!"

दुसऱ्या दिवशी वाचेवर उपचार करणारी डॉक्टर आली. तरुण होती, घाईत होती. मुलगा औषधं आणायला गेला होता, म्हणून तिनं सुनेलाच व्हरांड्यात नेलं.

"हे बघा, त्यांना सगळं कळतंय. तुम्हाआम्हाला कळतं तेवढं. पण बोलायला जातात एक आणि तोंडातून येतं हेच. वर्षानुवर्षं घोकलेला शब्द कधीकधी असा वाचतो, बाकीचे जातात. पाणी मागायचं असेल तरी 'शांती' येणार, शिवी द्यायची असेल तरी 'शांती'च. तेव्हा शब्दावर जाऊ नका. डावा हात चांगला आहे, तो हातात घ्या आणि बोट दाबायला शिकवा. एकदा हो, दोनदा नाही. आणि घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा."

सुनेनं मान डोलावली. मुलगा परत आला तेव्हा त्याचे डोळे अजून ओलेच होते. "अगं, लिफ्टमध्येसुद्धा लोक आईबद्दलच बोलतायत," तो म्हणाला. इतक्या आनंदात तिनं त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर सांगू, असं तिला वाटलं. खरंच तसं वाटलं होतं.

घरी आल्यावर पहिल्यांदा दोघीच असताना तिनं म्हातारीचा डावा हात हातात घेतला, डॉक्टरनं सांगितलं तसं समजावलं आणि विचारलं, "तहान लागलीये?" बोट एकदा दाबलं गेलं. "खिडकी लावू?" दोनदा. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. तिनं सुनेचा हात घट्ट धरला, सोडेचना. सुनेला अवघडल्यासारखं झालं. त्या हातानं तिला आजवर कधी धरलं नव्हतं.

पहिले काही दिवस तिनं सगळं नीट केलं. नवऱ्याला सांगायचं मात्र राहिलं. मग सांगायचं टाळलं. आणि पुढे कधीतरी सांगायचं नाहीच असं ठरून गेलं. कधी ठरलं, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

म्हातारी आतून 'शांती, शांती' करायची आणि सून ओट्याशी उभी राहून ऐकायची. हळूहळू तिला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं, कुठली शांती तहानेची, कुठली लघवीची, कुठली संतापाची. कळलं तरी ती हातातलं काम संपवायची. मग यायची, खुर्ची ओढून बसायची, हात हातात घ्यायची आणि आधी नको ते विचारायची.

"दिवा लावू?" दोनदा.

"उशी देऊ?" दोनदा.

"रेडिओ लावायचा का?" म्हातारीच्या कपाळावर घाम फुटायचा.

"मग काय बरं हवं असेल," सून विचारात पडल्यासारखं करायची, आणि सगळ्यात शेवटी विचारायची, "पाणी?"

इकडे म्हातारीची कीर्ती पसरत चालली होती. ताई येऊन गेल्या, बराच वेळ तिच्यासमोर बसल्या, जाताना मुलाला म्हणाल्या, "आम्ही सगळे शांती शोधतोय. ह्यांच्यात दुसरं काही उरलेलंच नाही." मग दर आठवड्याला वर्ग घरीच भरायला लागला. मुलानं बाहेरच्या खोलीतलं सामान हलवलं, सतरंज्या आणल्या, आईला सोफ्यावर उशांच्या आधारानं बसवायला लागला. लांबून लांबून माणसं यायची. कुणाला झोप येत नव्हती, कुणाचा संसार मोडला होता. एकदा दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. एका जळलेल्या सुटावरून म्हातारीचं त्याच्याशी कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. तो समोर हात जोडून बसला. म्हातारीनं त्याला ओळखलं आणि अशी काही 'शांती' म्हणाली की थुंकी त्याच्या चष्म्यावर उडाली. त्यानं चष्मा पुसला नाही. तसाच घरी गेला.

सून चहाचे कप फिरवायची. तिला हसू यायचं आणि ती ते गिळायची.

थंडी पडली तशी म्हातारीचे पाय गार पडायला लागले. एका वर्गाच्या दिवशी मुलानं स्वतःच रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं, आईच्या उजव्या पायाशी ठेवलं आणि वरून ब्लँकेट चारी बाजूंनी खोचून टाकलं. तो पाय हलत नव्हता, पण त्याला कळत सगळं होतं. हे सुनेला माहीत होतं. हात धरल्याशिवाय ते कुणालाच कळलं नसतं.

ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. खोली गच्च भरली होती. म्हातारी म्हणाली, "शांती." मग मोठ्यानं म्हणाली. मग ओरडलीच. ताईंनी सूर धरला, मागून सगळ्यांनी धरला, आणि म्हातारी जितकी ओरडेल तितका जप चढत गेला. काही बायकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खोलीत उघडे डोळे दोघींचेच होते. सून दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. म्हातारीची नजर तिच्यावर खिळली होती, आणि डाव्या हाताचं बोट हवेतच दाबलं जात होतं. एकदा. एकदा. पुन्हा एकदा. सुनेनं ब्लँकेटकडे पाहिलं. पिशवी कुठे टेकली आहे हे तिला तिथूनही दिसत होतं. ट्रे खाली ठेवायचा आणि सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढायची, एवढंच काम होतं.

तिनं ट्रे खाली ठेवला नाही. जप संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

ब्लँकेट काढल्यावर कातडी पिशवीला चिकटून आली. मुलगा घाबरला, पण क्षणभरच. मग जवळच्या चारपाच जणांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "बघा, एवढं भाजलं पण आईला कळलंसुद्धा नाही. जपच चालू होता. देहाचं भानच राहिलेलं नाही तिला." म्हातारी ते ऐकत होती. तो दिवस मावळेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

सुनेला वाटलं होतं, आता कुठेतरी मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. रोज सकाळी पट्टी बदलताना वास यायचा आणि तो वास दिवसभर तिच्या बोटांना राहायचा, इस्त्रीच्या वाफेतही. जेवण जाईना. आणि म्हातारी आता पाणी मागायला तिला हाकसुद्धा मारत नव्हती.

अखेर एका सकाळी पट्टी बांधून झाल्यावर तिनं तो हात हातात घेतला.

"आई, ह्यांना सांगू? सगळं?"

बोट एकदा दाबलं गेलं. आणि मग ते थांबेचना.

दुपारी दुकान बंद असताना तिनं नवऱ्याला म्हातारीच्या खोलीत बोलावलं आणि डॉक्टर काय म्हणाली होती ते सांगितलं.

"तुला हे केव्हापासून माहीत आहे?"

"हॉस्पिटलपासून."

"आणि सांगतेस आज?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "तुम्हीच त्यांचा हात धरा. विचारून बघा."

तो खाटेवर टेकला. आईचा हात त्यानं असा घेतला, जणू तो गरम असावा. "आई, तुला शांत वाटतंय ना?"

दोनदा.

"हात थरथरतोय तिचा," तो म्हणाला. मग पुन्हा विचारलं, "ही सगळी माणसं येतात, जप करतात... तुला आवडतं ना गं?"

दोनदा. थरथर नव्हती, हे त्यालाही कळलं. त्याची नजर पट्टीवर गेली. त्याचा चेहरा उतरला, मग कुठेतरी घट्ट झाला. त्यानं सुनेकडे न बघता आईला विचारलं, "पाय भाजत होता तेव्हा हिला कळलं होतं?"

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग बोट दाबलं, एकदाच, आणि इतक्या जोरानं की मुलाच्या तळहातावर नखाची खूण उठली.

ह्या एका उत्तरावर त्यानं लगेच विश्वास ठेवला.

"उद्यापासून तू ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस," तो म्हणाला. "वर्गातल्या बायका करतील आईचं. त्यांना हवंच आहे."

"नका येऊ देऊ मला. पण त्यांना एवढं सांगा. हात धरायचा, एकदा हो, दोनदा नाही. एवढं तरी सांगा त्यांना."

"काय सांगू?" तो एकदम ओरडला. "आई ओरडत होती आणि आम्ही माणसं जमवून ऐकत होतो, हे सांगू?"

त्यानं सांगितलं नाही. ताईंनी आळीपाळीनं बायका नेमून दिल्या. त्या मनापासून करायच्या. वेळेवर पाणी, वेळेवर औषध, वेळेवर कूस बदलणं. अवेळी म्हातारी ओरडली की शेजारी बसून डोळे मिटायच्या आणि तिच्याबरोबर म्हणायच्या. डाव्या हाताचं बोट चादरीवर सारखं हलतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या हातात जपमाळ दिली. ती पडते म्हणून बोटांभोवती गुंडाळून मनगटाला बांधली.

मुलगा रोज संध्याकाळी यायचा, आईच्या कपाळावर हात ठेवायचा, थोडा वेळ उभा राहून जायचा. तिचा हात त्यानं परत कधी हातात घेतला नाही. घेतला की उत्तर येतं, हे त्याला आता ठाऊक होतं. वर्ग चालूच राहिला.

सून खाली दुकानात असायची. वरचा आवाज छतातून खाली यायचा. कुठली शांती कशाची, हे तिला अजूनही कळायचं. इस्त्रीची वाफ सोडली की तेवढा वेळ ऐकू येत नसे, म्हणून ती वाफ जरा जास्तच सोडायची. कपडे ओले राहायचे.

एका दुपारी तहानेची शांती खूप वेळ चालू राहिली आणि मग घोगरी होत गेली. नवरा बाहेर गेला होता. सून इस्त्री बंद करून वर गेली. नेमलेली बाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. म्हातारीचे ओठ फुटले होते, जीभ पांढरी पडली होती. पाण्याचा तांब्यापेला हाताच्या अंतरावर होता.

सुनेनं मनगटाची गाठ सोडली, माळ काढून बाजूला ठेवली आणि तो हात हातात घेतला.

"आई, मी आहे. पाणी हवंय?"

म्हातारीनं हात ओढून घेतला आणि मूठ मिटली.

"माझ्यावरचा राग राहू दे. पाणी घ्या." तिनं पेला भरला आणि म्हातारीच्या मानेखाली हात घालून ओठांना लावला. म्हातारीनं ओठ आवळून घेतले. डोळे उघडे होते, सुनेवरच होते. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, गळ्यातून उशीत. "एक घोट, आई. एवढा एक घोट घ्या हो."

तेव्हा म्हातारीनं तोंड उघडलं आणि ती सुनेच्या तोंडावर तो शब्द म्हणाली. मोठ्यानं नाही, सावकाश म्हणाली.

खुर्चीतली बाई जागी झाली. तिनं काही विचारलं नाही; सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि सूर धरला. सुनेनं म्हातारीचा ओला गळा हातानं पुसला, पेला होता तिथे ठेवला आणि ती जिना उतरून खाली गेली.