परतवाड्याची पिशवी

माझ्या पिशव्यांचं कौतुक माझ्यापुढे करू नका. कंपनीत नवी मंडळी आली की साहेब माझंच उदाहरण देतात. पौर्णिमा मॅडम अर्धा महिना एसटीत असतात, पण कधी चार्जर विसरल्या नाहीत, कधी कुणाचं सामान विसरल्या नाहीत, सगळं कसं जिथल्या तिथं. एकदा तर मला उभं करून भाषणच द्यायला लावलं. मीही दिलं, मोठ्या तोऱ्यात. प्रत्येक गावाची वेगळ्या रंगाची पिशवी. परतवाड्याची हिरवी, अकोल्याची पिवळी, बार्शीटाकळीची निळी. ज्या गावात माप घेतलं, त्या गावाच्या पिशवीत तयार माल. निघताना फक्त पिशवी उचलायची. डोकं वापरायची गरजच नाही, हात आपोआप काम करतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या अन् मी खूश! डोकं वापरत नाही हे सांगून टाळ्या घेणारी बाई मीच असेन, बाप्पा.

मी कानाच्या मशिनी बसवते. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्या कानात मऊ मसाला भरून माप घ्यायचं, ते नागपूरला पाठवायचं, तिकडून त्या कानाच्या आकाराचा साचा येतो, त्याला मशीन जोडायची अन् त्या माणसाला द्यायची. एकाचा साचा दुसऱ्याच्या कानात बसत नाही. जबरदस्तीनं बसवला तर मशीन शिट्टी मारत राहते. घर अमरावतीला. नवरा, मनोज, पुण्याला नोकरीला. घरात मी अन् सासूबाई, पार्वताबाई. म्हणजे खरं तर सासूबाईच. मी फक्त कपडे बदलायला येते.

त्या दिवशी अकोल्यात शिबिर होतं, जुन्या शहरातल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. मी तिथं पोचले तेव्हाच अंग ठणकत होतं. आदल्या दिवशी परतवाडा झालं होतं, त्याच्या आदल्या दिवशी आणखी कुठं तरी. बसमध्ये डोळा लागला की मान लुळी पडते अन् दिवसभर दुखते. जिना चढताना वाटलं, इथंच पायरीवर बसून घ्यावं, कुणी उठवलंच तर बघू. पण वर सत्तारचाचा आधीच येऊन बसले होते.

अब्दुल सत्तार. पांढराशुभ्र नवा कुर्ता, नवी टोपी, अत्तराचा वास खोलीभर. आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात गेलं अन् यंत्रांच्या आवाजात कानही तिथंच गेले. मला पाहताच उठून उभे राहिले.

"आली का बाई! मी म्हटलं आजच्या दिवशी विसरते का काय. आणली ना मशीन?"

"आणली, चाचा!" मी ओरडले. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं, तेही उजव्या कानाजवळ.

आज त्यांच्या नातीचा, महेजबीनचा निकाह होता. महिनाभरापूर्वी मी माप घेतलं तेव्हाच त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. मुलगा वारला तेव्हा महेजबीन पाळण्यात होती. पोरीला यांनीच लहानाचं मोठं केलं. अन् निकाहात तिचे वकीलही हेच होणार होते. म्हणजे कोर्टातला वकील नाही. घरातला मोठा माणूस दोन साक्षीदार घेऊन आत नवरीकडे जातो, तिला विचारतो, तिचा होकार ऐकतो अन् बाहेर येऊन काजीसाहेबांना सांगतो की पोरीनं कबूल केलं.

"मले तिचं कबूल माह्या कानानं आयकायचं हाय," तेव्हा ते म्हणाले होते. "नाही तं काजीपुढं काय सांगू? न आयकता आयकलं म्हणू? निकाहात खोटं बोलू काय मी?"

मी पिवळी पिशवी उघडली. एक पाकीट काढलं, दुसरं काढलं. सगळी काढून टेबलावर मांडली. पिशवी उलटी केली, झटकली. चाचा माझ्याकडे हसून बघत होते.

माप कुठं घेतलं होतं? परतवाड्याला! चाचा तेव्हा लेकीकडे, आयशाबीकडे गेले होते. मला बजावून सांगितलं होतं त्यांनी, मी अकोल्याचा हाओ बाई, मशीन मले तिकडंच द्याजा. मी हो हो म्हटलं होतं. पण नागपूरहून साचा आला त्या संध्याकाळी मी डोळे अर्धे मिटूनच सामान लावलं असणार, अन् हातांनी नियम पाळला. माप परतवाड्याचं, म्हणजे हिरवी पिशवी. ती हिरवी पिशवी आत्ता अमरावतीत, माझ्या घरी, कपाटाशेजारी. काल परतवाड्याला सगळा दिवस ती माझ्या खांद्यावर होती अन् मला पत्ता नाही. आग लागो त्या नियमाला अन् मलाही!

चाचांच्या सोबत शाहनवाज आला होता, महेजबीनचा मामा. त्याला माझा चेहरा बघूनच कळलं.

"नहीं लाई ना?" तो म्हणाला. मग मराठीत, दमल्या आवाजात, "ताई, मी तुम्हाला दोष देत नाही. पण असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर निकाह आहे. पाहुणे आलेत. वकील मी होतो, साधी गोष्ट आहे. दादांना समजावून सांगतो."

"थांबा जरा," मी म्हणाले.

दुसरी एक मशीन होती, साधा रबरी बोंडा लावून वापरता येते ती. ती चाचांच्या कानात बसवून पाहिली. त्यांचा कान फारच बंद. आवाज वाढवला की मशीन अशी शिट्टी मारायची की खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर वर बघायला आला. चाचांना काही ऐकू आलं नाही, ना माझं बोलणं, ना ती शिट्टी.

शाहनवाज त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "दादा! मशीन नहीं आई! वकील मैं बन जाता हूँ!"

चाचा खाली बसले. मग म्हणाले, "आता काय, जे लिवलं ते." टोपी काढून मांडीवर ठेवली अन् तिच्यावरून हात फिरवत राहिले. मला रडू आलं. कामाच्या ठिकाणी मी रडत नाही, पण आलं.

मी घरी फोन लावला.

"काहून व, काय झालं?" सासूबाईंचा आवाज.

"आई, कपाटाशेजारी हिरवी पिशवी आहे. परतवाड्याची. ती हवी."

"मी तुह्या पिशव्याले हात लावत नाई बाप्पा. तूच सांगितलं."

"आता लावा! शेजारच्या मोतीरामभाऊंना द्या. ते बसस्टँडवर जाऊन अकोल्याला येणाऱ्या कुणाजवळ तरी देतील. मला गाडीचा नंबर कळवा."

"अन् हिरवी कोणती?"

"आई, हिरवी म्हणजे हिरवी!"

"मले त्या साऱ्या एकसारख्याच दिसते," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख मीच पुढे ढकलली होती, माझ्या दौऱ्यात बसत नव्हती म्हणून. सगळ्यांचं सगळं बसवते मी, घरातलं माणूस तेवढं बसत नाही.

"वाचून घ्या मोतीरामभाऊंकडून. वर परतवाडा लिहिलंय," मी म्हणाले अन् फोन ठेवला.

मग मी इतर लोकांची कामं करत बसले. एकाच्या मशिनीत मळ, दुसरीच्या मशिनीचा सेल उलटा. दर थोड्या वेळानं घरी फोन लावत होते. उचलेना कुणी. मोतीरामभाऊ उचलेनात. गाडीचा नंबर नाही, निरोप नाही. मी मनातल्या मनात सासूबाईंना नाही नाही ते बोलले. दुपारची अजान झाली. चाचा जिन्यापाशी बाकावर बसूनच होते. शाहनवाज दोनदा त्यांना न्यायला येऊन गेला. ते उठत नव्हते.

अखेर फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई, पिशवीवरचा नंबर पाहून लावला, तुमच्या सासूबाई माझ्या बाजूला बसल्या आहेत, बोला," एक पोरगी म्हणाली.

"आई? कुठं आहात तुम्ही?"

"मूर्तिजापूरच्या पुढं. गाडी पंक्चर झाली होती. आता निघाली."

"तुम्ही स्वतः आलात? एकट्या?"

"मग काय करू? मोतीराम गावाले गेला. अन् अनोळखी माणसाच्या हातात मी काहून देऊ तुहं सामान? तू एवढं जपतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "हिरवी कळे ना, म्हणून साऱ्याच घेतल्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. अन् हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

अकोल्याच्या स्टँडवर त्या उतरल्या तेव्हा बघायला पाहिजे होतं. एका खांद्यावर दोन, दुसऱ्या खांद्यावर तीन, हातात एक, पदर कमरेला खोचलेला, डोळे बारीक करून मला गर्दीत शोधताहेत. मी धावत जाऊन पिशव्या घेतल्या.

"आई, फोन का नाही उचलला?"

"तो घरीच राह्यला ना. हात कुठं रिकामा होता?" त्या म्हणाल्या. "आता मले बोलू नको, माह्ये पाय गेले. चाल, कोणाच्या कानाचं हाय ते पाहू."

चाचांना शाहनवाज तोवर घरी घेऊन गेला होता, मला पत्ता देऊन. ऑटो केला. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा असरची नमाज होऊन लोक मशिदीतून बाहेर पडत होते. गल्लीच्या तोंडाशी ऑटो अडकला, पुढं मांडव. तिथून आम्ही पायीच गेलो, मी पुढं, सासूबाई माझा खांदा धरून मागं.

चाचा दाराशीच उभे होते. बाहेर मांडवात माणसं बसलेली, काजीसाहेब कागद काढून तयार. शाहनवाज आत जायच्या बेतात होता, दोन साक्षीदार त्याच्या मागं. मला पाहून तो थबकला. खरं सांगते, त्याचा चेहरा उजळला. त्यालाही म्हाताऱ्याची जागा घ्यायची नव्हती.

"पाच मिनट, काजीसाब," तो बाहेर ओरडला.

ओसरीवरच चाचांना खुर्चीत बसवलं. हिरव्या पिशवीतलं पाकीट, त्यातला साचा. साचा कानात फिरवून बसवला, अगदी नेमका बसला. फोनवरून आवाज जुळवायला घेतला. हळूहळू वाढवत नेला. चाचांचे डोळे मोठे झाले. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, मग पत्र्याकडे पाहिलं. पत्र्यावर एक कावळा चालत होता.

"हे काय वाजते?" ते म्हणाले.

"कावळ्याचे पाय," मी म्हणाले. साध्या आवाजात.

त्यांना ऐकू आलं. उठले, टोपी नीट केली अन् आत निघाले. मला म्हणाले, "तू बी चाल. बंद पडली तं?"

आतल्या खोलीत बायकांची गर्दी. मधोमध महेजबीन, लाल ओढणीत चेहरा झाकलेला. सासूबाईंना कुणी तरी जागा करून दिली, त्या भिंतीला टेकून बसल्या. मी चाचांच्या मागं उभी. दोन्ही साक्षीदार दारात. खोली शांत झाली.

चाचा वाकले. सगळं नीट म्हणाले, नवऱ्या मुलाचं, फरदीनचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव. मग विचारलं, "बेटा, तुम्हें कबूल है?"

"कबूल है, दादा!"

अशी ओरडली महेजबीन की खिडकीची काच हलली असेल. नवरीनं लाजत, ओठातल्या ओठात म्हणायचं असतं ते. पण दादाशी हळू बोलणं तिला येतच नव्हतं. बोलायला लागल्यापासून ती त्यांच्याशी ओरडूनच बोलत आली होती, पाणी देतानाही, अन् रुसतानाही. मांडवातल्या माणसांपर्यंत आवाज गेला. बाहेर हशा पिकला. आत बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

चाचांनी कानावर हात दाबला. "अरे आहिस्ता! फट गया कान!"

महेजबीननं ओढणी वर केली. हसणं थांबलं. ती त्यांच्या कानाकडे बघत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडे.

"आयकू आलं?" तिनं विचारलं. अजून मोठ्यानंच.

"हौ. आहिस्ता बोल ना, बेटा. एकदा आहिस्ता बोल."

ती पुढं झुकली. बोलली. तिचे ओठ हललेले मला दिसले, पण मी त्यांच्या मागंच उभी होते तरी मला शब्द ऐकू आला नाही. दारातल्या साक्षीदारांनाही आला नाही. त्यातला एक म्हणाला, "क्या बोली?"

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् तसेच वाकून राहिले. शाहनवाजनं त्यांना खांद्याला धरून उठवलं. बाहेर नेलं. मीही गेले, कुणी मला अडवलं नाही.

काजीसाहेबांनी कागदावरून मान वर केली. "वकीलसाहब, लड़की ने कबूल किया? आपने अपने कानों से सुना?"

"सुना," सत्तारचाचा म्हणाले. डोळ्यांतून पाणी दाढीवर येत होतं, ते पुसायचं त्यांना भानच नव्हतं. "दो बार सुना, काजीसाब. दो बार."